भाकर, द्राक्षारस आणि कुत्र्याच्या छत्र्या

अळिंबीला बी नसतं. तरी मी तेहतीस वर्षं अळिंबीचं बी तयार करण्याची सरकारी नोकरी केली आणि त्यावर पेन्शन घेते. आमच्या भागातल्या एका शेती संशोधन केंद्राच्या मागच्या बाजूला तीन खोल्या होत्या, तिथं. पाटीवर मोठं शास्त्रीय नाव होतं, ते कुणी वाचत नसे. श्रीरामपूरपासून नेवाशापर्यंत लोक मला 'अळिंबीच्या बाई' म्हणायचे. मार्था हे माझं नाव फक्त चर्चच्या वहीत आणि माझ्या भावाच्या तोंडात राहिलं.

बी म्हणजे काय, तर गहू अर्धाकच्चा शिजवायचा, निथळायचा, खडूची भुकटी चोळून बाटलीत भरायचा, तोंडाला कापसाचा बोळा लावून मोठ्या कुकरात वाफवायचा. निवल्यावर ज्योतीच्या शेजारी हात धरून त्यात बुरशीचा नखाएवढा तुकडा सोडायचा आणि बाटली अंधारात ठेवायची. पंधरा-वीस दिवसांत गव्हावर पांढरी जाळी धरते. झालं बी. भिजवलेल्या भुशात हे बी थराथरानं घालून पिशव्या टांगल्या की धिंगरी अळिंबीचे झुपके बाहेर येतात. यात बुद्धी कमी आणि स्वच्छता जास्त लागते. आणि नाक लागतं. बाटली उघडल्यावर आंबूस वास आला की समजायचं, बुरशी गेली आणि दुसरंच काही घरात शिरलं. साहेब लोक सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, तोवर मी बाटली फेकून हात धुतलेले असायचे.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका बागायतदारानं चार पिशव्या बी नेलं आणि महिन्यानं भांडायला आला, "बाई, एक कोंब न्हाई वर आला." विचारलं तर म्हणाला, पाभरीनं पेरलं, वर पाणी दिलं. आता बी म्हटल्यावर शेतकरी ते पेरणारच की! चूक माझी, मी सांगितलं नव्हतं. शिंगणापूरचा एक दुकानदार दोनदा येऊन गेला, काळी अळिंबी मिळेल का म्हणून; शनीला वाहायला नवीन काहीतरी हवं होतं त्याला. मी म्हटलं, भाऊ, मी ख्रिस्ती बाई, मला तुमच्या देवाच्या आवडीनिवडी काय ठाऊक, पण माझी अळिंबी पांढरीच येते.

पावसाळ्यात मात्र वेगळी माणसं यायची. रुमालात, पदरात, कुणी टोपीत रानातल्या छत्र्या घेऊन. "बाई, ही चालंल का खायाला?" चांदीचा रुपया घालून शिजवलं आणि रुपया काळा पडला नाही तर चालतं, लसूण घालून बघावं, मुंग्या लागल्या तर बिनधास्त खावं, असले सगळे शोध त्यांच्याकडे तयार असायचे. सगळं खोटं. मी प्रत्येकाची छत्री घ्यायची, देठ काढून टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घालायची आणि उद्या या म्हणायची. सकाळी कागदावर तिच्या भुकटीचा ठसा उमटलेला असतो, त्याच्या रंगावरून पुष्कळ कळतं. पण रंग कुठलाही येवो, मी सांगायची ते एकच : खाऊ नका. रानातल्या छत्रीला मी तेहतीस वर्षांत एकदाही 'हो' म्हटलं नाही. माझ्या शब्दावर कुणाच्या पोटात कधी दुखलं नाही, याचा मला फार ताठा होता.

आता दादाचं सांगते. शमुवेल दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. हायस्कुलात इतिहास शिकवायचा, तालुक्यातली निम्मी माणसं त्याला 'सर' म्हणतात. चर्चमध्ये तीस वर्षं त्यानं मुलांची रविवारची शब्बाथ शाळा घेतली. मंदावहिनी आजारी पडली तेव्हा त्यानं उपास धरले, गुडघ्यांना घट्टे पडेपर्यंत प्रार्थना केली. वहिनी गेली. दादा रडला नाही. पुढच्या रविवारी भक्तीला आला, नेहमीच्या बाकावर बसला, पण गाण्याला तोंड उघडलं नाही. मला म्हणाला, "मार्था, पलीकडं कुणी फोन उचलतच नाही गं."

त्याच्या पोरीनं पुण्याहून त्याला मोबाईल पाठवला, जीव रमावा म्हणून. चांगलाच रमला. एके दिवशी दुपारी माझ्याकडे आला, चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा तेज.

"येशूच्या पहिल्या मंडळीला देव दिसायचा, तो कसा, ठाऊक आहे? तुझ्या अळिंबीतून."

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्यानं मला बसवून तासभर शिकवलं, वर्गात शिकवायचा तसं. म्हणे पश्चिमेकडच्या काही लोकांनी शोध लावलाय. एका जातीच्या छत्र्या खाल्ल्या की माणसाला उजेड दिसतो, आवाज ऐकू येतात, मेलेली माणसं भेटतात. रानात इस्राएल लोकांना पहाटे जमिनीवर सापडायचा तो मान्ना, देवानं पाठवलेलं अन्न, म्हणजे ह्याच. येशू उठल्यावर पन्नासाव्या दिवशी शिष्यांच्या डोक्यावर अग्नीच्या जिभा दिसल्या, त्या ह्यानंच. पौलाला वाटेत उजेड दिसून तो तीन दिवस आंधळा झाला तेही, आणि म्हाताऱ्या योहानाला बेटावर जगाच्या अंताची अक्राळविक्राळ जनावरं दिसली तेही. प्रभुभोजनात, म्हणजे चर्चमध्ये भाकर-द्राक्षारस देतात त्यात, आधी हीच छत्री असायची, पुढं धर्माधिकाऱ्यांनी ती काढून घेतली आणि लोकांच्या हातात नुसती भाकर ठेवली. एकानं तर म्हणे असंही लिहिलंय, की येशू हे माणसाचं नावच नाही, त्या छत्रीचंच गुपित नाव आहे. पुरावा म्हणून जुन्या चर्चमधल्या चित्राचा फोटो दाखवला. एदेन बागेतलं झाड, दिसायला हुबेहूब छत्री.

मी हसले. आता वाटतं, हसायला नको होतं. पण मी म्हणजे तोंडाळ बाई. म्हटलं, "दादा, तीन खोल्या, पाण्याचे फवारे आणि सरकारी पगार असून मला चाळीस दिवस धड धिंगरी येत नव्हती. मोशेला वाळवंटात चाळीस वर्षं कशी आली? आणि चित्राचं म्हणशील तर आपल्या चर्चच्या भिंतीवर रंगाऱ्यानं मेंढरं काढलीत ती कुत्र्यांसारखी दिसतात. म्हणून काय आपला प्रभू कुत्री राखायचा?"

"तू टिंगल कर. त्यांनी पाहिलं होतं मार्था. आपल्याला नुसतं सांगितलंय."

मग मी आमच्या आजाचं काढलं. आजा म्हारवाड्यातला. त्याच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. तो ख्रिस्ती झाला तेव्हा पहिल्या प्रभुभोजनाला एकच पेला सगळ्यांच्या तोंडाला लागत गेला आणि त्याच्यापर्यंत आला. ती गोष्ट सांगताना आजा म्हातारपणीही रडायचा. पाळकसाहेबांनाही मी नंतर विचारलं. ते शिकलेले आहेत, शांतपणे म्हणाले, "बाई, असल्या तर्काला मोठे अभ्यासक विचारत नाहीत. त्या काळच्या लिखाणात छत्रीचं नाव नाही. गुलाम आणि मालक एका पंगतीला जेवायचे, त्या काळी तेवढंच अक्रीत होतं." मी हे दादाला सांगितलं.

"आजाला पेला मिळाला," दादा म्हणाला. "मला काय मिळालं?"

उत्तर नसलं की मी चिडते. तो महिनाभर माझ्या मागं लागला, तसली छत्री मला करून दे, तुला सगळं येतं. मी सांगितलं, तो गुन्हा आहे आणि मी मेले तरी करणार नाही. मग हंगामाच्या सणाआधी दोन दिवस तो आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "चराऊ रानात, गुरांच्या वाटेला काही उगवलं असेल तर ओळखायचं कसं, एवढं सांग."

"जा, खा आणि मर एकदाचा!" मी म्हटलं आणि आत निघून गेले.

परक्या माणसाची छत्री मी रात्रभर कागदावर ठेवायची. सख्ख्या भावाला 'आण, बघू' एवढं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यानं पिशवीतून काढून दाखवली असती. ती त्याच्या हातात होती, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

हंगामाचा सण आमच्याकडे कसा असतो ते बाहेरच्यांना सांगायला हवं. पीक घरात आलं की त्यातला पहिला वाटा मंडळी वेदीसमोर आणून ठेवतात. बाजरी, भोपळे, अंडी, कोंबडा, उसाची मोळी. वेदीपाशी कुणी काय आणलं याचा पुकारा होत नाही, देवाला कळलं म्हणजे झालं. उपकारस्तुतीची प्रार्थना होते आणि मग चर्चच्या अंगणात त्या सगळ्याचा लिलाव. एका भोपळ्यासाठी दोन व्याही हट्टानं बोली चढवतात, लोक टाळ्या पिटतात. कुणाच्या वस्तूला बोली लागली नाही तर त्या माणसाचा चेहरा उतरतो, म्हणून शहाणी माणसं लक्ष ठेवून असतात. मी दर वर्षी धिंगरीच्या पाच पुड्या ठेवायची. त्यांना बोलीचा कधी तोटा नव्हता.

त्या दिवशी मी मागं चुलीपाशी होते, दोनशे माणसांचं प्रेमभोजन रांधायचं होतं. अंगणातून लिलाव बोलणाऱ्याची आरोळी ऐकू आली, "अळिंबीच्या बाईंची अळिंबी! बोला!" माझ्याच पुड्या आहेत असं समजून मी रश्श्यात मीठ घातलं. पुढच्या दाराशी जाऊन बघायला मला किती पावलं होती, वीस? गेले नाही.

तिथं माझ्या पुड्यांच्या शेजारी केळीच्या पानाखाली झाकलेली एक टोपली होती. आमच्या अख्ख्या मंडळीत अळिंबी म्हणजे मी. मग टोपली तरी दुसऱ्या कुणाची असणार? दादानं ती वेदीवर ठेवली होती, अर्पण झाल्याशिवाय खायची नाही म्हणून. पहिल्या मंडळीनं तसंच केलं असणार, असा त्याचा हिशेब. लिलावात आपणच परत घ्यायची, असं त्यानं ठरवलं होतं. पण सुमननं बोली लावली.

सुमन म्हणजे यशवंतभाऊंची बायको, पंचेचाळीशीची, दादाची जुनी विद्यार्थिनी. चर्च झाडायची, फुलं लावायची, साखरेच्या आजारानं खंगलेली, पण तोंडावर हसू. दादानं बोली वाढवली, तिनं वाढवली. दादानं पुन्हा वाढवली, तिनं आणखी वाढवली. लोकांना गंमत वाटली, सर आणि सुमन भांडतायत म्हणून टाळ्या सुरू झाल्या. दादानं बोली सोडली. टोपली तिची झाली.

तो माझ्याकडे आला तो दिवेलागणीला. मी पाय सोडून बसले होते. त्यानं सगळं सांगितलं. मी किंचाळले, "दुपारपासून काय करत होतास?"

"लोकांसमोर काय सांगणार होतो? आणि मग... मग मनात आलं, तिला तरी दिसू दे."

हे त्याचे शब्द आहेत, मी एकही बदललेला नाही.

आम्ही माझ्या स्कूटीवर गेलो. सुमन ओसरीवर घमेल्यावर वाकलेली होती. यशवंतभाऊ पाठ चोळत होते. त्यांना अळिंबीचा वास सोसत नाही, दुपारी घरी येऊन सुमननं ती रांधली तेव्हा त्यांनी भाकरीबरोबर ठेचा खाल्ला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन टोपली उचकली. तळाशी दोन उरल्या होत्या, मोठ्या, पांढऱ्या, वर तपकिरी खपल्या. पावसाळ्यात गुरांच्या रानात जागोजागी उगवणारी, कुत्र्याची छत्री म्हणून पोरं लाथाडतात ती. उलट्या-जुलाबांशिवाय तिच्यात काही नाही. दादाला हवं होतं ते तर नाहीच नाही. धडधाकट माणूस दोन दिवसांत उठून बसतो. सुमनची मूत्रपिंडं आधीच अधू होती.

श्रीरामपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांना मी काही लपवलं नाही, छत्री हातात दिली, कुठली ते सांगितलं. त्यांनी हातपाय हलवले, सलाइनवर सलाइन लावल्या. तिसऱ्या दिवशी तिला जरा बरं वाटलं. यशवंतभाऊ चहाला गेले होते. दादा खाटेशी उभा होता, मी पायथ्याशी. तो तिच्या कानाशी वाकला आणि मला वाटलं, माफी मागतोय.

"सुमन," त्यानं विचारलं, "तुला काही दिसलं का गं?"

मला त्याला तिथंच थोबाडावंसं वाटलं. सुमननं डोळे उघडले.

"घमेलं दिसलं सर," ती म्हणाली. "दुसरं काय दिसायचं?" आणि ओठ हलवून हसली.

अकराव्या दिवशी ती गेली. कागदावर मूत्रपिंड निकामी असं लिहिलं, ते खरंच होतं. गावात मात्र मातीच्या आधीच बोलणं सुरू झालं की अळिंबीच्या बाईंची अळिंबी विषारी निघाली. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं तर कुणाची, हा पुढचा प्रश्न होता. दादा कबरस्तानात माझ्या शेजारी उभा होता, त्यानंही तोंड उघडलं नाही.

निवृत्तीनंतर मी गावातल्या आठ बायांना धिंगरी लावायला शिकवलं होतं. शेवंताच्या घरी तर पत्र्याच्या खोलीत पन्नास पिशव्या टांगलेल्या असत. महिन्याभरात सगळ्यांच्या पिशव्या उकिरड्यावर गेल्या. शेवंता पुन्हा ऊस तोडायला जाते. ती माझ्याशी बोलते, रागावत नाही, तेच मला सहन होत नाही. मी भावाला वाचवलं आणि तिची पोटाची सोय बुडवली. कशापासून वाचवलं त्याला, हेही आता सांगता येत नाही. माझ्या तेहतीस वर्षांच्या कामाचं लोकांच्या मनात आज जे उरलंय ते हे.

सुमनची वर्षाची प्रार्थना झाली, मंडळी जेवून पांगली, तेव्हा मी यशवंतभाऊंना बाजूला घेतलं. सोसवेना. म्हटलं, "भाऊ, ती अळिंबी माझी नव्हती."

"म्हाईत हाय बाई," ते म्हणाले. "सरांची हुती."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सुमननं पायलं हुतं त्यान्ला ठिवताना. म्हणली, वैनी गेल्यापासनं सर पयल्यांदाच येदीवर काय घिऊन आले. सवताच्या हातानं पिकवलं आसंल. कुणी बोली न्हाई लावली तर मानसाचा चेहरा उतरंल, आपुन घिऊ. सर उगंच लाजून सवताच बोली लावत हुते, ती म्हणली, त्यान्ला घिऊ द्यायची न्हाई."

"मग तुम्ही बोलला का नाही? वर्षभर लोक मला..."

"दवाखान्यात तिनं हातात हात घिऊन सांगितलं, सरांचं नाव घ्यायचं न्हाई. त्यान्ला आधीच लई एकटं वाटतंय." त्यांनी उष्टी ताटं गोळा करायला घेतली. "तुमच्यावर आलं त्ये वंगाळ झालं बाई. पन मी तिला शब्द दिला हुता."

घरी आल्यावर आठ दिवस मी हे स्वतःपाशी ठेवलं. मग वाटलं, आपण कुणाला दिसतो का, कुणी आपल्याकडे बघतंय का, एवढंच दादा वर्षानुवर्षं शोधत होता. कुणीतरी बघत होतं. हे त्याला कळायला हवं. कदाचित त्यानं त्याचं काहीतरी सुटेल. मी त्याच्या घरी गेले. तो पडवीत खुर्चीवर बसला होता. यशवंतभाऊ जे बोलले ते मी त्याला सगळं, शब्दाला शब्द, सांगितलं.

त्यानं खुर्ची रस्त्याकडे वळवली. मग म्हणाला, "हे सांगायला नको होतंस मार्था. इतके दिवस नुसता देव नव्हता. तेवढं सोसत होतो. आता कळलं, बघणारी होती, आणि तिला मीच ती छत्री खाऊ घातली."